उजवीकडची सीट

आमच्या चाळीतल्या काकांना एखादी गोष्ट कधी घडली असं विचारलं, की ते किलोमीटर सांगत. मुलीचं लग्न कधी झालं? तीन लाख बारा हजारांच्या आसपास. गच्चीवरची पाण्याची टाकी कधी फुटली? तीन लाख चाळीस. माझ्या वडिलांना लकवा कधी झाला हेसुद्धा त्यांनी मला एकदा सांगितलं होतं: तीन लाख एकोणसाठ, नुकते टायर बदलले होते. नवखा माणूस गोंधळून इकडेतिकडे बघू लागायचा. मग गॅलरीतलं कुणीतरी मला हाक मारायचं आणि मी त्या आकड्याचं साल करून सांगायचो. माझी नोकरी विजेचे मीटर तपासण्याची. आकडा पुढे सरकतो म्हणजे तेवढं काहीतरी खर्ची पडलेलं असतं, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे चाळीत काकांची कालगणना कळणारा मी एकटाच होतो, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

काका जाऊन आता वर्ष होईल. शेवटचे महिने ते मुलीकडे बदलापूरला होते. तिने फोन करून तारीख-वार सांगितला, मी तो कॅलेंडरवर लिहूनही ठेवला. पण मनात आला तो आकडा वेगळाच. चार लाख अठरा हजार तीनशे सहा. त्याच्या पुढे ती गाडी गेली नाही.

गाडी जपानी होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. पुढचे दिवे नाकात झाकलेले असत. बटण दाबलं की घर्र आवाज करत वर येत, एक आधी आणि एक जरा उशिराने. हे बघायला चाळीतली मुलं संध्याकाळी थांबून राहत. गिरणी बंद पडल्यावर काका फिटर म्हणून आखातात गेले. तिथे घरी परतणाऱ्या एका इंजिनिअरने ती त्यांना विकली. त्यांच्या हाती आली तेव्हाच ती एक लाख सहा हजार चाललेली होती. म्हणजे काकांच्या हिशेबाने एक लाख सहा हजारांच्या आधी जगात काही घडलेलंच नव्हतं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर कॅम्प ते शहर, शहर ते कॅम्प करत त्यांनी ती दोन लाख नव्वदवर नेली आणि मग परत येताना बरोबर आणली. लोक टेपरेकॉर्डर आणत, सोनं आणत, घोंगड्या आणत. काकांनी ही आणली. लालबागच्या चाळीत, एका खोलीत राहणाऱ्या माणसाने.

ती अंगणात बदामाच्या झाडाखाली उभी असे. काकूंनी गिरणीतल्या जुन्या कापडाची तिला खोळ शिवली होती आणि दर शनिवारी ती धुऊन गॅलरीत वाळत टाकत. पाहुण्यांना वाटे, केवढी ही चादर. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा नियम होता की चेंडू काकांच्या गाडीला लागला तर बॅट्समन आउट, आणि खोळ काढलेली असताना लागला तर तो दिवसभर आउट. दार आपटलेलं काकांना चालत नसे. ते लोटायचं, आणि शेवटच्या वितीला तळहाताने दाबायचं. इंजिन सुरू केल्यावर ते गरम होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तेवढा वेळ काका डोळे मिटून बसत. देवापुढे मी त्यांना इतकं स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नाही.

सुटे भाग इथे मिळत नसत. चाळीतला कुणाचा मुलगा, कुणाचा जावई आखातातून सुटीवर यायचा असला की लोक अत्तर सांगत, काका क्लचप्लेट सांगत. एकदा एका नव्या जावयाने पाण्याचा पंप ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणला. विमानतळावर त्याला तो काय आहे हे नीट सांगता येईना. तो दोन तास उशिरा घरी पोचला तेव्हा सासरचे सगळे जावयाला बघायला दारात उभे होते आणि काका पंपाला. काकूंच्या मांडणीवर कोकमाच्या बरणीशेजारी ब्रेक ऑइलची बाटली असायची. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे जेवायला येताना वास घेऊन मग वाढून घ्या."

पण या गाडीची खरी गोष्ट वेगळी होती. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मागच्या काचेखाली पेंटरने पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहून ठेवलं होतं, ते मागच्यांसाठी. आत बसणाऱ्याला ते वेगळ्या तऱ्हेने कळायचं. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून पुढचा ट्रक ओलांडताना थोडा बाहेर येऊन समोरून काय येतंय ते त्याला दिसतं. काका फुटपाथच्या बाजूला बसत. त्यांना पुढच्या ट्रकच्या फळ्या दिसत आणि फुटपाथ दिसे. समोरून येणारं दिसायचं ते शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला. म्हणजे काकूंना.

त्यासाठी काकांनी दोन शब्द ठरवले होते. 'या' आणि 'थांबा'. काकू 'या' म्हणाल्या की काका क्षणाचाही विचार न करता गाडी उजवीकडे काढत. 'थांबा' म्हणाल्या की मागे कितीही हॉर्न वाजोत, ट्रकच्या मागे मुकाट राहत. तिसरा शब्द नाही. 'बहुतेक', 'चालेल', 'पटकन', 'जरा बघून', असलं काही चालायचं नाही. काकू ठेंगण्या, पाठ सरळ ठेवून बसत, मांडीवर पिशवी. जेवायला हाक मारावी त्या आवाजात 'या' म्हणत. दर मे महिन्यात त्या दोघांनी असंच घाट उतरून मालवणपर्यंत जायचं आणि असंच परत यायचं. मी एकदा हिशेब केला होता, त्या दोन शब्दांवर ती गाडी इथे सव्वा लाख किलोमीटर चालली.

पुढे पुढे हे गाडीबाहेरही आलं. बाजारात रस्ता ओलांडताना काका कडेला उभे राहत आणि काकूंनी 'या' म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नसत. मसाल्याच्या दुकानातली मंडळी चिडवत, "काका, सिग्नल पडला काय?" काका हसत नसत. म्हणत, "पडलो की जातंय."

गणपतीत आमच्या अंगणात मंडप पडतो. एकदा बांबू उभे राहिले की विसर्जनापर्यंत काहीही आतबाहेर करता येत नाही. म्हणून मंडपाचं सामान येण्याआधी काका-काकू गाडी रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत नेऊन ठेवत. वखारीचा मालक काकांचा गिरणीतला सोबती, पुढे त्याचा मुलगा. काळाचौकीवरून, कॉटन ग्रीनवरून, जेमतेम तीन किलोमीटर. काकू म्हणत, गाडी माहेरी चालली. परत आणली की तिला हळद-कुंकू लावत.

त्या गाडीवर डोळा ठेवून लोक यायचे. भायखळ्याचा एक तरुण होता, त्याच्याकडे तसलीच एक गाडी होती आणि तिचा गिअरबॉक्स गेला होता. चांगला मुलगा, सभ्य बोलणं. तो दर सहा महिन्यांनी येई, खोळ काढून द्यायला मदत करी आणि जाताना विचारी. काका त्याला चहा पाजत आणि नाही म्हणत. शेवटी एकदा त्याने विचारलं, "पण काका, तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर तू काय वाटेल ते काढ," काका म्हणाले. "मी चालवतंय तोवर ती गाडी. मी सोडली की भंगार."

हे ते चिडून म्हणाले नव्हते. हवा भरायची किती ते सांगावं तसं सांगितलं. पण त्यांना आयुष्याकडून काय हवं होतं ते सगळं त्यात होतं. ती आपल्या हाताने चालत राहावी, एवढंच.

काकू गेल्या तेव्हा गाडी चार लाख सोळा हजारांवर होती. परळच्या एका मोठ्या इस्पितळात होत्या, चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. काका रोज दुपारी डबा घेऊन जात आणि भेटीची वेळ संपली की परत येत. त्या दिवशीचं मला काकांनी खूप नंतर सांगितलं, आणि तेही गाडीत, त्या इस्पितळावरून जाताना. ते तिथे नेहमीच गाडी हळू करायचे, मला वाटायचं गर्दीमुळे.

"घंटा झाली," ते म्हणाले. "रखवालदार शिटी वाजवून म्हणाला, चला आजोबा. मी उठलंय. ही म्हणाली, थांबा."

काकांनी गिअर खाली घेतला.

"मी म्हटलं, उद्या येतंय. आणि इलंय निघून." मग इस्पितळ मागे गेल्यावर ते म्हणाले, "गाडीत तिचा थांबा मी एकदासुद्धा मोडूक नाय. एवढ्या वर्सांत. आणि हयसर, इस्पितळात, मोडलंय. का, तर एक माणूस शिटी वाजवत होतो."

पहाटे इस्पितळातून निरोप आला होता.

काकूंनंतर दोन-तीन महिने गाडीची खोळ निघाली नाही. मग एका रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे. म्हणाले, "येतंस?" मी शर्ट घातला. चाळीत इतकी माणसं असताना त्यांनी मलाच का विचारलं, तर मी अंदाजाने बोलत नाही म्हणून, असं ते माझ्या बायकोला म्हणाले होते. बायको मला म्हणाली, "जा, काकूंच्या जागी नांदायला जा. हळद-कुंकू लावून देऊ का?" तिचं बोलणं असं असलं तरी पहिल्या रविवारी तिने मला घरातला चांगला नॅपकिन दिला, सीटवर टाकून बसा म्हणून. काकू जिथे बसत तिथे मी घामट पाठ टेकू नये, असं तिला म्हणायचं असावं.

नियम मला ठाऊकच होता. तरी काळाचौकीच्या वळणावर एक टेम्पो ओलांडताना माझ्या तोंडून 'हळूहळू या' असं गेलं. काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"खाली उतर."

"का?"

"दोन शब्द सांगितलंय. तू तिसरो घातलंस."

मी चाळीस ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, भर रस्त्यात उतरलो आणि चालत घरी आलो. रागही आला होता. पण घरी पोचेपर्यंत पटलं. मीटर तपासताना मीसुद्धा 'साधारण बरोबर' असं लिहीत नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा दारात आले, मी पुन्हा गेलो, आणि त्यानंतर दोनच शब्द बोललो. लालबागहून दादर, तिथून वरळीला बीडीडी चाळींवरून, मग गिरगाव आणि परत. वीस-बावीस किलोमीटरची फेरी. काका बोलत ते फार थोडं. कधी इंजिनचा आवाज ऐकायला सांगत. कधी नुसतेच म्हणत, "ही अशी वेळ तिला आवडायची." गाडीत बसणं काही तेवढं मजेचं नव्हतं. सीट रस्त्याला टेकलेली, एसी कायमचा गेलेला, पायाशी इंजिनची धग. पण खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढा एकच वेळ असा होता की मी एक शब्द बोललो आणि तो कुणीतरी पूर्णपणे मानला. घरात किंवा कचेरीत तसं होत नाही.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी आम्ही चाळीच्या दारातून निघत होतो. मी अजून पट्टाच लावत होतो, काही बोललो नव्हतो. दारातून बाहेर पडायला शब्द लागतच नसे. उजव्या हाताला एक हातगाडीवाला उभा होता, इतक्या जवळ की त्याच्या बनियनवरची भोकं मोजता आली असती. काकांनी गाडी काढली आणि नाक सरळ हातगाडीला लावलं. कुणाला काही झालं नाही. हातगाडीवाल्याने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "काय काका, डोळे घरी विसरला काय?" काका म्हणाले, "ब्रेक उशिरा लागलो." ब्रेक मी पाहिला होता. तो लावलाच नव्हता.

पुढच्या रविवारी गिरगावात गाडी थांबवून मी दोन चहा आणले. आत बसून त्यातला एक त्यांच्यापुढे धरला, अर्थात त्यांच्या उजव्या बाजूने, मी बसतो त्याच बाजूने. काका समोर बघत होते. म्हणाले, "मेल्याने चहा केलो नाय काय अजून?" ग्लास त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर होता, वाफ येत होती. मी तो सावकाश पुढे सरकवत नेला. नाकासमोर आला तेव्हा ते दचकले आणि थोडा चहा मांडीवर सांडला.

एका नोंदीवर निष्कर्ष काढायचा नाही, ही माझी सवय. त्यानंतरच्या रविवारी मी वर्तमानपत्र धरलं, मग एकदा नुसता हात. तिन्ही वेळा तेच. मग परत आल्यावर, बदामाखाली गाडी लावून झाल्यावर, मी विचारलं, "काका, उजव्या डोळ्याने किती दिसतं?"

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"दिसतच नाय."

"कधीपासून?"

"तीन लाख नव्वद."

मी मनात साल काढलं. सहा-सात वर्षं होत होती. काचबिंदू झालेला, असं ते पुढे म्हणाले. मी विचारलं, "काकूंना माहीत होतं?"

"तिनंच पहिलं ओळखलं. मी जिन्यात माणसांक धक्के मारत होतंय. मी तिका म्हटलं, गाडी बंद करूया. तर म्हणाली, मी आसंय मा." त्यांनी आरशाची काच रुमालाने पुसली. "दोघांचे मिळून तीन डोळे होते. गाडयेक तेवढे पुरे."

मग माझ्याकडे वळून, म्हणजे पूर्ण मान वळवून, ते म्हणाले, "तुझे दोन धरून पुन्हा तीनच झाले. हिशेबी माणूस ना तू? जुळता काय नाय?"

"जुळत नाही," मी म्हटलं. "काकू जाणून बसत होत्या. मला तुम्ही न सांगता बसवलंत. आणि हातगाडीवाला तर कशातच नव्हता."

"मग?"

"मी यापुढे बसणार नाही. आणि तुम्ही एकटे बाहेर काढलीत तर मी मुलीला फोन करीन."

"मग गाडी मेली."

"मेली तर मेली. माणूस मरायला नको."

मी दार लोटलं, शेवटच्या वितीला दाबलं आणि वर आलो. ते त्यानंतर बराच वेळ गाडीतच बसून होते. गॅलरीतून मला त्यांचा डावा कोपर दिसत होता.

मी बरोबर होतो. आजही मला तसंच वाटतं, पुन्हा तेच करीन. पण बरोबर असल्याने पुढचे महिने हलके गेले असं नाही. काका माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, टोमणा नाही. जिन्यात समोर आलो तर डावीकडे सरकून वाट देत. दर रविवारी सकाळी ते खाली उतरत, खोळ काढत, घडी करून बदामाच्या पारावर ठेवत, इंजिन सुरू करत आणि डोळे मिटून बसत. इंजिन गरम झालं की बंद करून पुन्हा खोळ घालत. चाळीतले लोक आधी गाडीकडे बघत, मग वर माझ्याकडे. मी का बसत नाही ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "म्हातारा माणूस आहे, एक फेरी मारलीत तर काय होतंय?" मी तिला तेवढं डोळ्याचं सांगितलं. मग तीही त्या वेळी गॅलरीत जायची टाळू लागली.

गाडी चार लाख अठरा हजार तीनशे तीनवर उभी होती. ब्लँकेटमध्ये पाण्याचा पंप गुंडाळून आणणारा जावई त्या वर्षी सुटीवर आला, आता त्याचेही केस पांढरे झालेले. त्याने हौसेने विचारलं, "काका, मी तो पंप आणला तेव्हा किती झाले होते हो?" सगळे हसून आकड्याची वाट बघत राहिले. काकांनी थोडा विचार केला आणि साल सांगितलं. साधं साल, कुणीही सांगावं तसं. मी दाराशी उभा होतो. त्यांनी मला शिक्षा म्हणून ते केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना खरंच आता सालच आठवत होतं.

चाळ पाडून टॉवर व्हायचं घाटत होतं ते मग एकदम ठरलं. घरोघरी करार झाले, भाड्याच्या जागा शोधणं सुरू झालं. आम्हाला परळमध्ये मिळाली. काकांना मुलगी न्यायला येणार होती. बिल्डरच्या माणसांनी अंगणात येऊन सांगितलं की महिनाअखेर वाहनं काढा, राहतील ती क्रेनने उचलली जातील. टॉवरमध्ये गाड्या लोखंडी फळीवर चढवून वर नेतात म्हणे. त्या फळीवर ही मावेल का, असं एकाने चेष्टेने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण टॉवर उभा राहीपर्यंत काकांचं वय काय असेल हे सगळ्यांनाच मोजता येत होतं.

महिन्याचा शेवटचा रविवार होता. दार वाजलं. काका उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. इतक्या महिन्यांनी बोलले, पण मधे काही झालंच नाही अशा आवाजात.

"माहेरी पोचवूची आसा."

मी शर्ट घालायला वळलो. मग म्हटलं, "काका, मी बसणार नाही म्हटलं होतं."

"बसू नको. तू चालव." त्यांनी किल्ली पुढे केली. "दुसऱ्याक देऊचंय नाय. दुसरं गिअर थंड असताना पडत नाय, ता तुका म्हायत आसा."

मला माहीत होतं. दोन वर्षं शेजारी बसून त्यांच्या पायांकडे, हाताकडे बघितलं होतं. मी खाली गेलो. खोळ त्यांनी आधीच काढून घडी करून ठेवली होती. डावीकडून आत शिरताना मला कुणाच्या तरी घरात विचारल्याशिवाय शिरल्यासारखं झालं. काका गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले. ते दार काकूंसाठी त्यांनी हजारदा उघडलं असेल. स्वतः त्या बाजूने आत बसायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. पाय आधी घालायचे की डोकं, तेही ठरेना. बसले आणि खाली हात घालून सीट पुढे ओढली. मी माझ्या पायांच्या मापाने मागे केली होती. त्यांनी ती जिथे आणून अडकवली तिथे त्यांचे गुडघे दुमडत होते. काकूंची खूण होती ती.

इंजिन गरम होईपर्यंत आम्ही बोललो नाही. गॅलऱ्यांमधून माणसं उभी होती. भाड्याच्या घरी न्यायच्या सामानाचे गठ्ठे त्यांच्या पायाशी. कुणी हात केला नाही.

काळाचौकीच्या रस्त्याला लागलो आणि पुढे एक ट्रक आला, लाकडाच्या ओंडक्यांचा, बैलगाडीच्या वेगाने चाललेला. मला फक्त त्याच्या फळ्या दिसत होत्या, आणि फुटपाथ. तीस वर्षं काकांना हेच दिसत आलं होतं. मी वाट बघत राहिलो. काकांनी मान पूर्ण वळवली, डावा डोळा रस्त्याच्या उजव्या अंगाला आणण्यासाठी खांदासुद्धा वळवला.

"थांब," ते म्हणाले.

मी थांबलो. समोरून काही आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा त्यांनी तसंच सगळं अंग वळवलं.

"थांब."

मागे हॉर्न सुरू झाले. एक मोटरसायकलवाला शेजारून जाताना वाकून आत बघत ओरडला, "चल ना बॉस, रस्ता खाली आहे!" रस्ता खाली होता, हे मलाही कळत होतं. पण उजव्या सीटवर बसलेला माणूस थांब म्हणाला की थांबायचं असतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच धरून माझी पोटरी भरून आली. कॉटन ग्रीनपर्यंत ते आणखी किती वेळा म्हणाले ते मी मोजलं नाही. 'ये' एकदाही म्हणाले नाहीत. शेवटी ट्रकच गोदीकडे वळला आणि रस्ता आपोआप मोकळा झाला.

वखारीत रविवार म्हणून करवत बंद होती. मालकाच्या मुलाने भिंतीलगत पत्र्याखाली जागा करून ठेवली होती. ओल्या लाकडाचा वास होता. भायखळ्याच्या त्या तरुणाला निरोप गेलेला आहे, हे त्याने मला हळूच सांगितलं. काकांनीच पाठवला होता. पुढे त्या तरुणाने गिअरबॉक्स नेला, दुसऱ्या कुणी ते वर येणारे दिवे नेले. बाकीची अजून तिथेच उभी आहे.

मी गाडी भिंतीला समांतर लावली. न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन अजून छान चालत होतं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. काका समोर बघत नव्हते. मान थोडी डावीकडे, माझ्याकडे होती.

"हयसून, ह्या सीटवरसून, रस्तो फारसो दिसणा नाय रे," ते म्हणाले.

"डोळ्यामुळे, काका."

"नाय. बसलंय तसोच बघूक गेल्यार." त्यांनी माझे स्टिअरिंगवरचे हात बघितले, मग चेहरा. "हयसून गाडी चलवणारोच दिसता. इतकी वर्सा माका वाटायचा, ती रस्त्याक बघता."

इंजिन बंद करायला मी किल्लीकडे हात नेला.

"थांब."

मी किल्लीवरचा हात काढला.